टायरमधील हवा : प्रश्न दैवाचा नव्हे, दक्षतेचा

महाराष्ट्र आणि वाराणसी यांना जोडणारा रस्ता जुना आहे. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० साली बदलण्यात आले. त्यापूर्वी ‘राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७’ वाराणसीत सुरू होऊन रेवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरूमार्गे थेट कन्याकुमारीला पोचत असे. आता त्याच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे क्रमांक आहेत. पण काशीयात्रेसाठी निघालेल्या मराठी कुटुंबांची वाट बव्हंशी तीच राहिली आहे. अलीकडच्या काळात या वाटेवरील मोटारींची वर्दळ वाढण्यास अनेक कारणे मिळाली. काशी विश्वनाथ धामाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागराज येथे महाकुंभ भरला आणि त्या निमित्ताने लाखो भाविक वाराणसीलाही गेले. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर मुंबईच्या वेशीपासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला.

मुंबई किंवा पुण्याहून काशीला मोटारीने जायचे, तर एका बाजूचा प्रवास चौदाशे-पंधराशे किलोमीटरच्या घरात जातो. त्यातील मोठा भाग वेगवान रस्त्यांचा आहे. प्रवासाची तयारी करताना मुक्कामाची जागा, दर्शनाची वेळ, औषधे, खाण्याचे पदार्थ या सर्वांचा विचार होतो. टायरमधील हवेचा विचार मात्र पेट्रोल पंपावर, इंजिन चालू ठेवून, दोन मिनिटांत उरकला जातो. किती हवा भरायची, हे बहुधा पंपावरचा मुलगा ठरवतो. संपूर्ण मोटार, तिच्यातील माणसे आणि सामान यांचा भार रस्त्यावर ज्या चार तळहाताएवढ्या पृष्ठभागांवर पेलला जातो, त्यांच्या बाबतीतली ही उदासीनता केवळ निष्काळजीपणातून आलेली नाही. तिच्यामागे काही दृढ झालेले गैरसमज आहेत आणि त्यांपैकी एक जिवावर बेतणारा आहे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

‘उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून टायरमध्ये ती थोडी कमीच ठेवावी, नाहीतर टायर फुटतो’ हा सल्ला देशभर ऐकायला मिळतो. वाराणसी-प्रयागराज पट्ट्यात मे आणि जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. विदर्भातही तीच स्थिती असते. साहजिकच या दोन्ही प्रदेशांत हा सल्ला अधिक आग्रहाने दिला जातो. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. बंदिस्त हवा तापली की तिचा दाब वाढतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. उत्तरार्ध मात्र चुकीचा आहे.

टायर तापतो तो केवळ उन्हाने किंवा रस्त्याच्या उष्णतेने नव्हे. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तो दबतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा पूर्ववत होतो. टायरच्या बाजूच्या भिंतींना दर फेऱ्याला अशी एक घडी पडते. रबर आणि त्यातील धाग्यांचे थर यांच्या या सततच्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. हवा पुरेशी असेल तर भिंत कमी वाकते आणि उष्णता मर्यादेत राहते. हवा कमी असेल तर भिंत अधिक वाकते, उष्णता वाढत जाते आणि ती बाहेर पडण्यापूर्वीच नवी उष्णता तयार होते. मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये साधारणतः पाचशे फेरे घेते. ताशी १२० किलोमीटर वेगाने एक तास प्रवास केला, तर प्रत्येक टायर साठ हजार वेळा वाकतो आणि पूर्ववत होतो. अशा स्थितीत रबर आणि धाग्यांचे थर यांच्यातील जोड सैल पडू लागतात आणि एका क्षणी टायर फाटतो.

याच कारणाने वेग आणि कमी हवा यांचा संयोग अधिक घातक ठरतो. विशिष्ट वेगाच्या पुढे टायरचा दबलेला भाग पुढचा फेरा येईपर्यंत सरळच होत नाही. त्याच्या पृष्ठभागावर लाटेसारखी घडी उभी राहते आणि उष्णता झपाट्याने वाढते. हवा जितकी कमी, तितकी ही अवस्था कमी वेगाला येते. शहरातील गल्लीबोळांतून ताशी ३० किलोमीटर वेगाने वर्षभर निभावून नेणारा टायर महामार्गावर दोन तासांत दगा देतो, त्याचे स्पष्टीकरण येथे आहे.

टायर बनवताना उष्णतेमुळे होणारी दाबवाढ विचारात घेतलेली असते. मोटारीच्या उत्पादकाने सांगितलेला दाब हा टायर थंड असतानाचा दाब असतो आणि प्रवासात तो चार-सहा अंकांनी वाढणार, हे त्यात गृहीत धरलेले असते. धडधाकट टायर या वाढीने फुटत नाही. जुना, झिजलेला, भिंतीला फुगवटा आलेला किंवा खड्ड्यात आदळून आतून दुखावलेला टायर फुटू शकतो. पण त्यावरचा उपाय हवा कमी करणे हा नसून टायर बदलणे हा आहे.

थंड आणि गरम यांतील गल्लत

या गैरसमजाची दुसरी बाजू प्रवासाच्या मध्यावर दिसते. समजा, वाराणसीत मे महिन्यातील पहाटे तापमान २८ अंश आहे आणि टायरमध्ये ३३ पीएसआय, म्हणजेच दर चौरस इंचाला ३३ पौंड इतका योग्य दाब आहे. मोटार जबलपूरच्या दिशेने निघाली. दोन-तीन तासांत टायरमधील हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाबमापक सुमारे ३८ दाखवील. आकडा पाहून चालक धास्तावतो आणि पाच पीएसआय हवा सोडून देतो. आकडा पुन्हा ३३ होतो आणि त्याला हायसे वाटते. मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड झाल्यावर त्याच टायरमध्ये जेमतेम २८ पीएसआय दाब उरलेला असतो. सुरक्षिततेसाठी म्हणून केलेल्या कृतीने टायर योग्य दाबापेक्षा सुमारे १४ टक्के खाली गेलेला असतो आणि त्या दिवशीचा सारा प्रवास त्याच अवस्थेत होतो.

हिवाळ्यातील चूक याच्या उलट, परंतु तितकीच सहज घडणारी आहे. जानेवारीत मुंबईत दुपारी ३० अंश तापमानात ३३ पीएसआय हवा भरून निघालेली मोटार वाराणसीत पोचते. तेथे पहाटे तापमान आठ अंशांवर असते. टायरमधून हवा अजिबात गळली नाही असे धरले तरी केवळ थंडीमुळे दाब साडेतीन पीएसआयने घसरून साडेएकोणतीसच्या आसपास आलेला असतो. तापमानात साडेपाच-सहा अंशांचा फरक पडला की दाबात सुमारे एक पीएसआयचा फरक पडतो, असा ढोबळ हिशेब आहे. त्याखेरीज चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक ते दोन पीएसआय हवा आपोआप कमी होत असते. दोन महिने न तपासलेला टायर आणि थंडीची पहाट एकत्र आली की घट सात-आठ पीएसआयपर्यंत सहज पोचते. एवढी घट होऊनही टायर डोळ्यांना व्यवस्थितच दिसतो. पायाने ठोकून किंवा नुसते पाहून हवेचा अंदाज घेण्याची सवय म्हणूनच कुचकामी आहे.

यावरून नियम स्पष्ट होतो. दाब तपासायचा तो सकाळी, मोटार निदान तीन तास उभी असताना किंवा दोन किलोमीटरपेक्षा अधिक धावलेली नसताना. गरम टायरमधून हवा सोडायची नाही. नेहमीच्या हवामानापेक्षा बऱ्याच थंड किंवा उष्ण प्रदेशात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासणी करायची. वाराणसीतील घाटांच्या आणि मंदिराच्या परिसरात मोटार नेता येत नाही. भाविक ती वाहनतळावर लावून दोन-तीन दिवस पायी वा रिक्षाने फिरतात. परतीच्या सकाळी टायर पूर्णपणे थंड असतात. तपासणीसाठी याहून योग्य वेळ नाही. नेमकी हीच वेळ सामान लादण्याच्या घाईत निघून जाते.

योग्य आकडा कोठे असतो?

किती हवा भरावी, या प्रश्नाचे उत्तर पंपावरील कर्मचाऱ्याकडे नसून मोटारीवरच लिहिलेले असते. बहुतेक मोटारींत चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की खांबावर एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसते. काहींमध्ये ती इंधन टाकीच्या झाकणाच्या आत असते. वाहनासोबतच्या पुस्तिकेतही हे आकडे असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी ते वेगळे असू शकतात. दोन-तीन माणसे असताना आणि मोटार पूर्ण भरलेली असताना ठेवायचा दाबही अनेक मोटारींत वेगवेगळा दिलेला असतो. काशीयात्रेसारख्या प्रवासात हा दुसरा आकडा महत्त्वाचा ठरतो. सर्व जागा भरलेल्या, मागे बॅगा, वर कॅरिअरवर वळकट्या आणि परतीच्या प्रवासात गंगाजलाचे कॅन अशी मोटार रोजच्या कचेरीच्या फेरीसाठी भरलेल्या हवेवर चालवणे योग्य नाही.

टायरच्या भिंतीवरही दाबाचा एक आकडा कोरलेला असतो. अनेक जण तोच प्रमाण मानतात. प्रत्यक्षात ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. मोटारीसाठी सुचवलेला दाब नव्हे. त्या आकड्यापर्यंत हवा भरली तर टायरचा मधलाच भाग रस्त्याला टेकतो, पकड कमी होते, खड्ड्यांचे हादरे थेट बसतात आणि नक्षी मध्यभागी लवकर झिजते. उलट, हवा कमी असेल तर दोन्ही कडा आधी झिजतात. आपल्या मोटारीच्या टायरची झीज नुसती पाहिली तरी गेल्या काही महिन्यांत हवेचा हिशेब कोणत्या बाजूला चुकत होता, ते लक्षात येते.

भिंतीवरील इतर खुणाही उपयोगाच्या आहेत. आकारमानाच्या शेवटी येणारे इंग्रजी अक्षर कमाल वेगाची श्रेणी सांगते : ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०. त्याआधीचा अंक भार पेलण्याची क्षमता सांगतो. उदाहरणार्थ, ९१ हा अंक एका टायरमागे ६१५ किलो दर्शवतो. हे दोन्ही आकडे टायरमध्ये हवा पुरेशी असेल तरच खरे ठरतात. एका लांबट चौकटीतील चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. ‘२३१९’ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. कमी धावलेल्या मोटारीचे टायर नव्यासारखे दिसत असले तरी रबर वयानुसार कडक होत जाते, याचे भान या चार अंकांमुळे राहते.

एककांचाही गोंधळ होतो. पट्टीवर कधी पीएसआय, कधी बार, तर कधी किलोपास्कल असे लिहिलेले असते. ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २.३ बार किंवा २३० किलोपास्कल, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. स्टेपनी हा या साऱ्यातील सर्वांत उपेक्षित घटक आहे. दोन वर्षांत एकदाही न तपासलेली स्टेपनी ऐन वेळी स्वतःच बसलेली निघते. सिवनी किंवा रेव्याच्या पुढील घाटात, रात्रीच्या वेळी हा शोध लागणे परवडणारे नाही.

नायट्रोजनचे आकर्षण

या विषयात गेल्या काही वर्षांत नायट्रोजनची भर पडली आहे. अनेक पंपांवर आणि टायरच्या दुकानांत पैसे घेऊन नायट्रोजन भरला जातो आणि त्यामुळे टायर तापत नाही, फुटत नाही असे सांगितले जाते. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनमध्ये बाष्प नसते आणि तो रबरातून किंचित सावकाश झिरपतो. विमाने आणि शर्यतीच्या मोटारी यांच्यासाठी हे गुण मोलाचे आहेत. घरगुती मोटारीत फायदा असला तरी तो थोडा आहे. तापमानानुसार नायट्रोजनचा दाबही जवळजवळ साध्या हवेप्रमाणेच वाढतो आणि घटतो. कमी भरलेला नायट्रोजन हा योग्य प्रमाणात भरलेल्या साध्या हवेपेक्षा कधीही धोकादायकच.

जुलै २०१९ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर झालेल्या बस अपघातात २९ जणांचा बळी गेला. त्यानंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणे आणि टायरमध्ये नायट्रोजन भरणे बंधनकारक करण्याचा विचार असल्याचे राज्यसभेत सांगितले होते. नायट्रोजनची सर्वसाधारण सक्ती मात्र त्यानंतर लागू झालेली नाही. नायट्रोजन भरून निश्चिंत होणारा आणि मग सहा महिने दाबमापकाकडे न फिरकणारा वाहनधारक आपली फसवणूक करून घेत असतो.

समृद्धी महामार्गाचा धडा

महाराष्ट्रात टायर हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला तो समृद्धी महामार्गामुळे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. सरळ, रुंद, काँक्रीटचा रस्ता आणि मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा यांमुळे आतापर्यंत ताशी ७०-८० किलोमीटरच्या सवयीने चालणारी वाहने एकाएकी दीर्घकाळ उच्च वेगाने धावू लागली. पहिल्याच काही महिन्यांत अपघातांची मालिका सुरू झाली. वेग, चालकाला लागणारी डुलकी आणि टायर फुटणे ही कारणे वारंवार पुढे आली. २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गावर प्रवेश करणाऱ्या वाहनांच्या टायरची तपासणी हाती घेतली आणि ‘गोटा’ झालेल्या, म्हणजे पूर्ण गुळगुळीत टायरच्या वाहनांना परत पाठवण्यास सुरुवात केली.

याच महामार्गाने एक सावधगिरीचा धडाही दिला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री नंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात घडल्याचे चालकाने प्रथम सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र घटनास्थळी टायर फुटल्याचा पुरावा आढळला नसल्याचे नमूद करण्यात आले. रबराचे तुकडे वा तशा खुणा तेथे नव्हत्या. ‘टायर फुटला’ हे स्पष्टीकरण आपल्याकडे इतके सहज स्वीकारले जाते की ते अनेकदा चौकशीचा शेवट ठरते. टायर फुटला असेल, तर तो का फुटला हा प्रश्न तेथे सुरू व्हायला हवा. आणि फुटलाच नसेल, तर खरे कारण त्या दोन शब्दांमागे दडून राहता कामा नये.

न्यायालयाने काय म्हटले?

या मानसिकतेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नेमके बोट ठेवले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मोटारीचे मागील चाक फुटले, मोटार खोल दरीत कोसळली आणि तीमधील ३८ वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या कुटुंबीयांना सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनीने या आदेशाला आव्हान दिले. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, चालकाचा निष्काळजीपणा नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये तो फेटाळला. दैवी आपत्ती म्हणजे मानवी नियंत्रणापलीकडील नैसर्गिक घटना. अतिवेग, कमी किंवा अधिक हवा, जुने टायर, तापमान यांमुळे टायर फुटू शकतो आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

या निकालाचे महत्त्व भरपाईच्या रकमेपुरते नाही. अपघातानंतर ‘वेळ आली होती’ असे म्हणून स्वतःची समजूत घालण्याची आपली रीत आहे. शोकात बुडालेल्या कुटुंबाला त्या शब्दांचा आधार वाटतो, हेही खरे. परंतु जे पाच मिनिटांच्या तपासणीने टळू शकले असते, ते दैवाच्या खात्यावर टाकले की पुढच्या प्रवासापूर्वी कोणी तपासणी करत नाही. न्यायालयाने ही जबाबदारी दैवाकडून काढून माणसाकडे सोपवली आहे.

नियम आणि त्यांच्या मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. मोटारींसाठी टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर, तर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांसाठी ०.८ मिलिमीटर असली पाहिजे. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला पोचली की टायर बाद झाला, असे समजायचे. हवेच्या दाबाबाबत मात्र अशी तपासणी रस्त्यावर होत नाही आणि ती व्यवहार्यही नाही. टायर गरम असताना घेतलेला आकडा वर पाहिल्याप्रमाणे दिशाभूल करणारा असतो. दाबाचा प्रश्न शेवटी वाहनधारकाच्या सवयीवर येऊन ठेपतो.

या ठिकाणी तंत्रज्ञान साहाय्याला येते. अमेरिकेत २००० साली एका विशिष्ट बनावटीच्या टायरचे थर सुटून मोटारी उलटण्याच्या घटनांत अडीचशेहून अधिक मृत्यू झाल्याचे आढळले आणि सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. टायरमधील सदोष बांधणीबरोबरच कमी दाब आणि उष्णता हे घटकही त्या वेळी चर्चेत आले. त्यातून झालेल्या कायद्यानुसार सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांत टायरमधील दाब घटल्यास इशारा देणारी यंत्रणा अनिवार्य झाली. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींसाठी ती सक्तीची केली. भारतात जुलै २०२० च्या अधिसूचनेनुसार अशी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा देण्यात आली. सर्व मोटारींसाठी सरसकट सक्ती मात्र करण्यात आली नाही.

यंत्रणा असली तरी तिच्या मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत. अमेरिकेतील नियमानुसार दाब निर्धारित पातळीच्या २५ टक्के खाली गेल्यावर दिवा लागणे अपेक्षित आहे. ३३ पीएसआयच्या टायरसाठी हा आकडा पंचविसाच्या आत येतो. म्हणजे दिवा लागत नाही, याचा अर्थ दाब योग्य आहे असा होत नाही. ती धोक्याची घंटा आहे. दाबमापकाचा पर्याय नव्हे.

जबाबदारी कोणाची?

स्वतःची मोटार असणाऱ्यांना हे सर्व करणे फारसे अवघड नाही. चांगला दाबमापक काही शे रुपयांत मिळतो. पेट्रोल पंपांवर हवा मोफत देणे तेल कंपन्यांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंधनकारक आहे. आर्थिक हितही त्यात आहे. चारही टायरमधील सरासरी दाब एक पीएसआयने घटला की इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने कमी होते, असा अमेरिकी ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. सात पीएसआय घट असेल तर दीड टक्का इंधन वाया जाते. टायर लवकर झिजण्याचा खर्च वेगळाच.

खरा प्रश्न भाड्याच्या वाहनांचा आहे. काशी, प्रयाग आणि अयोध्या ही तीन स्थळे दोन-तीन दिवसांत उरकून देणारी वाहने वाराणसीच्या रेल्वे स्थानकापासून आणि विमानतळापासून मिळतात. महाराष्ट्रातूनही गटागटाने ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ निघतात. तेथे टायर मालकाचे असतात, वाहन चालकाच्या हाती असते आणि जोखीम प्रवाशांची असते. टायर बदलायचा खर्च मालकाला नको असतो, नोकरी टिकवण्यासाठी चालक बोलत नाही आणि प्रवाशाला विचारायचे सुचत नाही. वाहन ठरवताना दर आणि वातानुकूलन यांची चौकशी करणारे भाविक टायरची नक्षी पाहत नाहीत. सकाळी निघण्यापूर्वी चारही चाकांभोवती एक फेरी मारणे, झीज आणि फुगवटे पाहणे, ‘हवा केव्हा तपासली?’ असे चालकाला विचारणे यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. असे दहा प्रवाशांनी विचारले, तर अकराव्याने विचारण्यापूर्वी मालक स्वतःहून लक्ष घालू लागेल.

शासकीय पातळीवरही समृद्धी महामार्गावरील तपासणीचा अनुभव यात्रामार्गांवर वापरता येण्यासारखा आहे. मोठ्या पर्वकाळात आरोग्य तपासणीची आणि पाण्याची केंद्रे उभारली जातात. त्यांच्याच जोडीला, लांबून आलेली वाहने जेथे मुक्कामी उभी असतात त्या वाहनतळांवर अचूक दाबमापक आणि हवा भरण्याची सोय पहाटेच्या वेळी उपलब्ध करून देणे फारसे खर्चिक नाही. दंडाच्या पावतीपेक्षा अशी सोय अधिक वाहनांपर्यंत पोचेल.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर काय करावे, हेही माहीत असणे आवश्यक आहे. अशा वेळी ब्रेक दाबण्याची पहिली ऊर्मी आवरली पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून मोटार सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा, वेग आपोआप कमी होऊ द्यावा आणि मगच रस्त्याच्या कडेला यावे. जोरात ब्रेक मारल्याने किंवा स्टिअरिंग झटक्याने वळवल्याने मोटार उलटण्याची शक्यता वाढते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांतील बहुसंख्य मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. वेगाचा मोह, रस्त्यांची रचना, चालकांचे कामाचे तास हे प्रश्न मोठे आहेत आणि ते एकट्या वाहनधारकाला सोडवता येणारे नाहीत. टायरमधील हवेचे तसे नाही. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी, सकाळच्या थंड वेळी, पट्टीवरील आकड्याप्रमाणे पाचही चाकांची हवा तपासणे पूर्णपणे त्याच्या हातात आहे. पूर्वी काशीयात्रेला निघालेला माणूस परत येईलच याची शाश्वती नसे आणि आप्तेष्ट त्याला तशाच भावनेने निरोप देत. आजच्या यात्रेकरूला रस्त्याने आणि वाहनाने ती शाश्वती मोठ्या प्रमाणात मिळवून दिली आहे. ती टिकवण्यासाठी त्याच्याकडून अपेक्षित असलेला वाटा निघण्यापूर्वीच्या पाच मिनिटांचा आहे.